काय-स्क्वेअरखाली इशारा येतोय? छोट्या आकड्यांच्या तक्त्याला चाचणी निवडताना

गट आणि उत्तर यांचा संबंध आहे का, हे तक्त्यातल्या मोजलेल्या नोंदींवरून तपासायला काय-स्क्वेअर आणि फिशर या दोन चाचण्या वापरतात. त्यांच्याबद्दलची तक्रार जवळजवळ नेहमी याच शब्दांत येते. "काय-स्क्वेअर चालवली, उत्तर आलं, पण सोबत इशारा आला की अंदाज चुकीचा असू शकतो. म्हणून फिशर लावली, तर पी-व्हॅल्यू ०.०५ च्या वर गेली. आता यातली कोणती लिहू?"

(पी-व्हॅल्यू म्हणजे खरा फरक नसताना निव्वळ योगायोगानं इतका किंवा याहून मोठा फरक दिसण्याची शक्यता. ती ०.०५ च्या खाली आली की फरक खरा धरायची प्रथा आहे.) या प्रश्नातच खरी अडचण दडलेली आहे. दोन्ही उत्तरं पाहून झाल्यावर चाचणी निवडायची वेळ आली, की ती निवड कितीही प्रामाणिकपणे केली तरी आकड्याच्या मोहातून सुटत नाही. माझं मत स्पष्ट आहे. माहिती कशी गोळा झाली यावरून चाचणी ठरते, आणि ती पी-व्हॅल्यू दिसण्याआधी ठरवायची असते. इशारा आला म्हणजे दुसरं बटण दाबायचं असं नाही. तो थांबून तक्त्याकडे पुन्हा बघायला सांगत असतो. बघायचं काय, ते पुढे मांडते.

एकच तक्ता, पाच उत्तरं

दोन गट, प्रत्येकात १० जण. पहिल्या गटात ७ जणांना फरक पडला, ३ जणांना नाही. दुसऱ्या गटात २ जणांना पडला, ८ जणांना नाही. आता या चार आकड्यांवर रोजच्या वापरातल्या चाचण्या लावून बघू. सगळ्या पी-व्हॅल्यू दुहेरी बाजूच्या आहेत, म्हणजे फरक कुठल्याही दिशेचा असला तरी मोजणाऱ्या.

साधी पिअर्सन काय-स्क्वेअर: ५.०५, पी = ०.०२५
येट्स दुरुस्तीसह काय-स्क्वेअर: ३.२३, पी = ०.०७२
फिशर एक्झॅक्ट: पी = ०.०७०
फिशरची मिड-पी (दिसलेल्या तक्त्याइतक्याच टोकाच्या तक्त्यांची शक्यता अर्धीच मोजून): पी = ०.०३८
'एन वजा एक' काय-स्क्वेअर (कशी काढायची ते पुढे): ४.८०, पी = ०.०२८

यातलं एकही गणित चुकलेलं नाही. ज्यांना ०.०५ ची रेघ लक्ष्मणरेषा वाटते त्यांच्यासाठी मात्र हा तक्ता फार धोक्याचा आहे, कारण हवं ते उत्तर देणारी चाचणी इथे हमखास सापडते.

आणखी एक तक्रार इथेच मिटवू: "हातानं केलेलं गणित आणि सॉफ्टवेअरचं उत्तर जुळत नाही." हातानं ५.०५ येतं आणि पडद्यावर ३.२३ दिसतं. आर ही सांख्यिकीची संगणक-भाषा आणि पायथॉनची सायपाय या दोन्हींत २×२ (दोन ओळी, दोन स्तंभांच्या) तक्त्याला येट्स दुरुस्ती आपोआप लागते. ती नको असेल तर 'करेक्शन' किंवा 'करेक्ट' नावाचा पर्याय बंद करावा लागतो. एसपीएसएस हे सॉफ्टवेअर दोन्ही आकडे वेगवेगळ्या ओळींत देतं, त्यामुळे तिथे गोंधळ वेगळा होतो: कोणती ओळ उचलायची हेच कळत नाही.

इशारा कोणत्या आकड्याबद्दल असतो

सर्वाधिक आढळणारी चूक ही आहे. लोक तक्त्यात प्रत्यक्ष दिसणारे आकडे मोजतात, "एका रकान्यात ३ आहे, म्हणजे काय-स्क्वेअर चालणार नाही" असं ठरवतात आणि पुढे जातात. पण नियम दिसणाऱ्या आकड्यांबद्दल नाहीच. तो अपेक्षित आकड्यांबद्दल आहे. दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध नसता तर त्या रकान्यात सरासरी किती नोंदी पडल्या असत्या, तो आकडा. काढायला सोपा आहे: त्या ओळीची बेरीज गुणिले त्या स्तंभाची बेरीज, भागिले एकूण.

समजा दोन गटांत शंभर-शंभर जण आहेत. एका गटात १४ जणांना त्रास झाला, दुसऱ्यात एकालाही नाही. रकान्यात चक्क शून्य आहे. पण अपेक्षित आकडे ७, ७, ९३ आणि ९३ येतात. सगळे ५ च्या वर. काय-स्क्वेअर १५.०५ येते आणि ती इथे निर्धास्तपणे वापरता येते. शून्य दिसलं म्हणून चाचणी बदलायची गरज नाही. (ऑड्स रेशोचा, म्हणजे दोन गटांतल्या 'होय' भागिले 'नाही' या प्रमाणांच्या गुणोत्तराचा प्रश्न निराळा, त्याकडे पुढे येते.)

आपल्या पहिल्या तक्त्यात अपेक्षित आकडे ४.५, ४.५, ५.५ आणि ५.५ आहेत. दोन रकाने ५ च्या किंचित खाली, म्हणून इशारा आला. हा इशारा एका उंबरठ्यावरून निघतो. ४.९ ला तो वाजतो, ५.१ ला गप्प बसतो. गणितात मात्र ४.९ आणि ५.१ मध्ये कुठलीही दरी नाही.

हा पाचाचा उंबरठा कुठून आला? कार्ल पिअर्सन यांनी १९०० मध्ये काय-स्क्वेअर मांडली. तिची पी-व्हॅल्यू एका सलग वक्रावरून घेतली जाते, पण तक्त्यातले आकडे पूर्णांकांच्या पायऱ्यांनी बदलतात. नोंदी भरपूर असल्या की पायऱ्या इतक्या बारीक होतात की वक्र त्यांच्यावर नीट बसतो. नोंदी थोड्या असल्या की पायऱ्या उंच होतात आणि वक्र त्यांच्यावरून घसरतो. फ्रँक येट्स यांनी १९३४ मध्ये यावर उपाय म्हणून दिसलेला आणि अपेक्षित आकडा यांतल्या प्रत्येक फरकातून अर्धा वजा करायची दुरुस्ती सुचवली. विल्यम कॉक्रन यांनी १९५४ मध्ये व्यवहारात वापरायचे आडाखे दिले: मोठ्या तक्त्यात कुठलाच अपेक्षित आकडा १ पेक्षा कमी नको आणि ५ पेक्षा कमी असलेले रकाने एकूण रकान्यांच्या २०% पेक्षा जास्त नकोत. २×२ साठी त्यांनी एकूण नोंदी २० पेक्षा कमी असतील, किंवा २० ते ४० असून एखादा अपेक्षित आकडा ५ च्या खाली असेल, तर फिशर वापरा असं सांगितलं. अनुभवातून आलेले हे आडाखे आहेत आणि तेवढ्यापुरते उपयोगी आहेत. पाठ्यपुस्तकांतून फिरता फिरता त्यांचं कायद्यात रूपांतर झालं, आणि पुष्कळांच्या लक्षात "५ पेक्षा कमी म्हणजे फिशर" एवढंच उरलं.

चाचणीआधीची तपासणी: बेरीज माणसांएवढी आहे का?

इथे सगळ्यात जास्त वेळ द्यावा असं मला कळकळीनं वाटतं. छोट्या आकड्यांमुळे होणारी चूक पी-व्हॅल्यूच्या दुसऱ्या-तिसऱ्या दशांश स्थळी असते. नोंदी एकमेकींपासून स्वतंत्र नसल्या तर मात्र निष्कर्षच उलटा होऊ शकतो.

तक्त्यातल्या सगळ्या रकान्यांची बेरीज करा. मग प्रत्यक्षात किती माणसं, किती प्राणी किंवा किती रोपं अभ्यासात होती ते पाहा. हे दोन आकडे जुळले नाहीत तर काय-स्क्वेअरही लावू नका आणि फिशरही.

सुरुवातीच्या काळात ही चूक मी स्वतः केली आहे. त्याच लोकांना प्रशिक्षणाआधी आणि प्रशिक्षणानंतर एकच प्रश्न विचारला होता. आकडे इथे सोपे करून देते. ४० जण होते. आधी १३ जणांचं उत्तर बरोबर होतं, नंतर २० जणांचं. मी 'आधी' आणि 'नंतर' अशा दोन ओळी केल्या, 'बरोबर' आणि 'चूक' असे दोन स्तंभ केले आणि काय-स्क्वेअर चालवली. उत्तर आलं २.५३, पी = ०.११. "फरक दिसत नाही" असं लिहूनही टाकलं. मसुदा वाचणाऱ्या सहकाऱ्यानं एकच प्रश्न विचारला: "माणसं चाळीस, मग तुमच्या तक्त्याची बेरीज ऐंशी कशी?"

बरोबर तक्ता वेगळा होता. १२ जण दोन्ही वेळा बरोबर, १९ जण दोन्ही वेळा चूक, ८ जण आधी चूक आणि नंतर बरोबर, तर १ जण आधी बरोबर आणि नंतर चूक. याची बेरीज ४० येते. बदल झाला का, या प्रश्नाचं उत्तर फक्त बदललेल्या ९ जणांकडे आहे. न बदललेले ३१ जण त्याबद्दल काही सांगू शकत नाहीत. प्रशिक्षणाचा काहीच परिणाम नसेल तर ही ९ माणसं नाणेफेकीसारखी दोन्हीकडे सारखी विभागली जायला हवीत. ९ पैकी ८ किंवा त्याहून जास्त एकाच बाजूला पडण्याची दुहेरी शक्यता ५१२ पैकी २०, म्हणजे ०.०३९. ही झाली एक्झॅक्ट मॅक्निमार चाचणी. क्विन मॅक्निमार यांनी १९४७ मध्ये मांडलेल्या मूळ चाचणीचंच हे नेमकं रूप. बदललेले लोक २५ पेक्षा कमी असले की मी नेहमी हेच नेमकं रूप किंवा त्याची मिड-पी घेते. या तक्त्यात मिड-पी ०.०२१ येते. आरमधली तयार मॅक्निमार चाचणी नेमकी नसते, ती वक्राचाच अंदाज घेते. नेमकं उत्तर हवं असेल तर बदललेल्या नोंदींवर द्विपद चाचणी चालवावी लागते.

जोडीच्या नोंदी फक्त आधी-नंतरच्या नसतात. एकाच माणसाचे दोन डोळे, वय जुळवून निवडलेला रुग्ण आणि त्याचा जोडीदार, एकच नमुना दोन पद्धतींनी तपासलेला, हे सगळं त्याच प्रकारात मोडतं. याचं भावंड म्हणजे गठ्ठ्यांचा प्रश्न. १२ रोपांची प्रत्येकी १० पानं तपासली की तक्त्याची बेरीज १२० होते, अपेक्षित आकडे भरघोस दिसतात आणि कुठलाही इशारा येत नाही. पण एकाच रोपाची पानं एकमेकांसारखी असतात. तुमच्याकडे १२० स्वतंत्र नोंदी नाहीत, १२ च्या आसपासच आहेत. अशा वेळी प्रत्येक रोपाचं प्रमाण काढून १२ आकड्यांची तुलना करावी, किंवा गठ्ठे लक्षात घेणारं मिश्र-परिणाम लॉजिस्टिक प्रतिमान वापरावं. इशारा आला नाही म्हणजे सगळं ठीक आहे असं समजू नका, हे सांगायला याहून चांगलं उदाहरण माझ्याकडे नाही.

"फिशर लावली की काहीच सिद्ध होत नाही"

बेरीज जुळली, नोंदी स्वतंत्र आहेत. आता फिशरकडे वळू.

रोनाल्ड फिशर यांनी १९३५ मध्ये दिलेलं चहाचं उदाहरण अनेकांना आठवत असेल. ८ कप, त्यांतल्या ४ मध्ये दूध आधी ओतलेलं आणि ४ मध्ये चहा आधी. चाखणाऱ्या बाईंना माहीत आहे की चार-चार आहेत, म्हणून त्याही चारच कप निवडणार. ८ मधून ४ निवडायचे ७० मार्ग आहेत. सगळे कप बरोबर ओळखण्याची निव्वळ योगायोगाची शक्यता ७० मध्ये १, म्हणजे ०.०१४. या प्रयोगात ओळींची बेरीज ठरलेली होती आणि स्तंभांचीही. फिशर चाचणी नेमकी हीच परिस्थिती धरून चालते: चारही कडांच्या बेरजा पक्क्या, आत आकडे कसे पडले एवढंच मोजायचं.

आपल्या बहुतेक अभ्यासांत असं नसतं. दोन गटांत दहा-दहा जण घ्यायचे हे आपण ठरवतो, पण एकूण किती जणांना फरक पडेल हे कोणीच आधी ठरवलेलं नसतं. फिशर चाचणी तीही बेरीज पक्की धरते. त्यामुळे शक्य असलेल्या तक्त्यांची संख्या फार आकसते आणि पी-व्हॅल्यू उंच पायऱ्यांनी उतरते.

पहिल्याच तक्त्यात बघा. एकूण ९ जणांना फरक पडला. ७ विरुद्ध २ असेल तर फिशरची पी ०.०७०. पुढची पायरी ८ विरुद्ध १ आणि तिथे पी थेट ०.००५५. मध्ये काहीच नाही. म्हणजे तुम्ही ०.०५ ही रेघ ठरवली असली तरी या बेरजांसाठी तुमची खरी रेघ ०.००५५ झाली. खरा फरक नसताना तो आहे असं म्हणण्याची चूक शंभरात पाच वेळा पत्करायची तयारी होती, चाचणी हजारात पाच-सहा वेळांएवढीच मुभा देते. फिशर 'नेमकी' आहे ती चुकीचं प्रमाण कधीच वर न जाऊ देण्याच्या अर्थानं. पण त्यासाठी ती खरे फरकही हातून निसटू देते.

तीन-तीनच्या गटांत हे आणखी टोकाला जातं. एका गटातल्या तिघांनाही फरक पडला, दुसऱ्यातल्या एकालाही नाही. यापेक्षा टोकाचा तक्ता शक्यच नाही. तरी फिशरची दुहेरी पी येते २० मध्ये २, म्हणजे ०.१०. तीन विरुद्ध तीनच्या प्रयोगात फिशर लावून ०.०५ च्या खाली जाणं गणितानंच अशक्य आहे! चार-चारमध्ये टोकाच्या तक्त्याची पी ७० मध्ये २, म्हणजे ०.०२९ येते, पण एका जागी जरी उलट घडलं की संपलं. प्रयोग सुरू करण्याआधी हा हिशोब पाच मिनिटांत होतो. "सगळं माझ्या मनासारखं घडलं तर माझी चाचणी जास्तीत जास्त काय सांगू शकेल?" हा प्रश्न आधी विचारला तर कितीतरी मेहनत वाया जायची वाचेल.

कडांची बेरीज पक्की न धरणारी वाट जॉर्ज बर्नार्ड यांनी १९४५ मध्ये दाखवली. तीन-तीनचंच उदाहरण घ्या. दोन्ही गटांत फरक पडण्याची शक्यता सारखीच असेल, तर एका गटात तिन्ही 'होय' आणि दुसऱ्यात तिन्ही 'नाही' येण्याची शक्यता त्या सामायिक शक्यतेवर अवलंबून असते. ती शक्यता अर्धी असताना हा आकडा सर्वाधिक होतो, ६४ मध्ये १. दोन्ही दिशा धरून ६४ मध्ये २, म्हणजे ०.०३१. फिशरच्या ०.१० समोर हा ०.०३१. सहा माणसांवर मोठा दावा मी कधीच करणार नाही, पण फरक कुठून येतो ते इथे लख्ख दिसतं. आर. डी. बॉशलू यांनी १९७० मध्ये याच विचारावर फिशरची पी वापरून जी चाचणी बांधली, ती दोन स्वतंत्र गटांच्या तुलनेत फिशरपेक्षा कधीच कमकुवत ठरत नाही, आणि चुकीचं प्रमाणही ठरलेल्या मर्यादेत ठेवते. पूर्वी हे गणित हातानं करणं अवघड होतं. आता सायपायच्या १.७ आवृत्तीपासून बर्नार्ड आणि बॉशलू दोन्ही तयार मिळतात, आणि आरमध्येही त्यासाठी पॅकेजेस आहेत.

मग २×२ ला मी काय लावते

नोंदी स्वतंत्र असतील आणि सगळे अपेक्षित आकडे निदान १ असतील, तर 'एन वजा एक' काय-स्क्वेअर. साध्या काय-स्क्वेअरला एकूण नोंदींतून एक वजा करून गुणायचं आणि एकूण नोंदींनी भागायचं, बस्स. आपल्या तक्त्यात ५.०५ गुणिले १९ भागिले २०, उत्तर ४.८०. हे रूप एगॉन पिअर्सन यांनी १९४७ मध्ये सुचवलं होतं, आणि इयन कॅम्पबेल यांनी २००७ मध्ये निरनिराळ्या चाचण्या तपासून लहान तक्त्यांसाठी हीच शिफारस केली. सॉफ्टवेअरमध्ये बटण नसलं तरी कॅल्क्युलेटरवर होतं.

बॉशलू हाताशी असेल तर तीही तितकीच चांगली निवड. एखादा अपेक्षित आकडा १ च्या खाली असेल, किंवा चहाच्या कपांसारख्या दोन्ही कडा खरोखर पक्क्या असतील, तर फिशर. येट्स दुरुस्ती मी वापरत नाही. ती फिशरच्या उत्तराची नक्कल करते (०.०७२ आणि ०.०७० किती जवळ आहेत बघा), आणि फिशर आता संगणकावर क्षणात निघते. नक्कल बाळगण्याचं कारण उरलेलं नाही.

तुमच्या विषयातले परीक्षक फक्त फिशरच मान्य करतात, असं असेल तर फिशर लावा. त्यात गैर काही नाही, फक्त खरे फरक निसटण्याची शक्यता वाढते हे लक्षात ठेवा. आणि फिशर लावायची ठरवली की मग मिड-पी, एन वजा एक असं करत मागे फिरू नका.

मोठ्या तक्त्यात संगणक अडकतो

तीन किंवा अधिक वर्ग असले तरी फिशरची कल्पना लागू होते. फ्रीमन आणि हॉल्टन यांनी १९५१ मध्ये ती वाढवली, म्हणून काही ठिकाणी तिला त्यांचं नाव असतं. अडचण अशी की शक्य तक्त्यांची संख्या भराभर वाढते आणि आर 'वर्कस्पेस' अपुरी असल्याची तक्रार करून थांबतं. वर्कस्पेस वाढवून काही वेळा निभावतं. नाही निभावलं तर तासन्‌तास संगणक चालू ठेवण्यापेक्षा मॉन्टे कार्लो पर्याय घ्या: त्याच बेरजांचे यादृच्छिक तक्ते तयार करून त्यांतले किती तुमच्या तक्त्याइतके किंवा त्याहून टोकाचे आहेत ते मोजणं.

इथे एक गंमतशीर लक्षण अनेकांना गोंधळात टाकतं: वेगवेगळ्या तक्त्यांना सारखीच पी-व्हॅल्यू येते, ०.०००४९९८. हा बिघाड नाही. आर आपणहून २००० तक्ते काढतं, आणि एकही तक्ता तुमच्याइतका टोकाचा निघाला नाही तर उत्तर २००१ मध्ये १ येतं. त्याखाली ते जाऊच शकत नाही. तक्त्यांची संख्या एक लाख करा आणि यादृच्छिक आकड्यांचं बीज (संगणक ज्या आकड्यापासून सुरुवात करतो तो) नोंदवून ठेवा, नाहीतर उद्या तुमचंच उत्तर तुम्हाला पुन्हा मिळणार नाही.

वर्ग एकत्र करून इशारा घालवण्याचा उपाय सर्रास सुचवला जातो. एकत्र केलेल्या वर्गाला अर्थ असेल आणि ते आधी ठरलं असेल तर जरूर करा. 'अधूनमधून' आणि 'क्वचित' एकत्र येऊ शकतात. पण आधी हे दोन जोडून बघितले, मग ते दोन, आणि ज्या जोडीला पी खाली आली ती ठेवली, असं झालं तर त्या पी-व्हॅल्यूला काही अर्थ राहत नाही.

वर्गांना क्रम असेल तर तो वाया घालवू नका

इशारा घालवण्याच्या नादात ही संधी हातची जाते, म्हणून थोडं थांबते. औषधाच्या तीन मात्रा: कमी, मध्यम, जास्त. प्रत्येकी १० जण. फरक पडला अनुक्रमे १, ३ आणि ६ जणांना. सहापैकी तीन रकान्यांत अपेक्षित आकडा ३.३३, त्यामुळे इशारा नक्की येणार. काय-स्क्वेअर ५.७०, डिग्रीज ऑफ फ्रीडम (बेरजा पक्क्या धरल्यावर मोकळेपणी बदलू शकणारे आकडे) २, पी = ०.०५८.

पण ही काय-स्क्वेअर मात्रांचा क्रम जाणतच नाही. १, ३, ६ ऐवजी ३, ६, १ असं आलं असतं तरी तिनं हेच ५.७० दिलं असतं. आपला प्रश्न मात्र "मात्रा वाढली की परिणाम वाढतो का" असा आहे. त्यासाठी कॉक्रन-आर्मिटेज कल चाचणी: मात्रांना –१, ० आणि १ असे गुण दिले की उत्तर ५.६३ येतं, डिग्री ऑफ फ्रीडम एकच, पी = ०.०१८. आणि नोंदी थोड्या आहेत म्हणून याच चाचणीचं नेमकं रूप काढलं तर दुहेरी पी ०.०३३ येते. मी हेच नेमकं उत्तर लिहीन. इथे पी खाली आली ती चाचणी बदलून बघितल्यामुळे नाही, योग्य प्रश्न विचारल्यामुळे. अट तीच: क्रमाचा प्रश्न आधीपासून तुमचा असायला हवा, आणि गुण कसे दिले ते लिहायला हवं.

रकान्यात शून्य आलं तर

चाचणीला शून्याची भीती नाही, अंदाजाला आहे. एका रकान्यात शून्य असलं की ऑड्स रेशो शून्य किंवा अनंत होतो. चारही रकान्यांत अर्धा मिळवून ऑड्स रेशो काढण्याची जुनी पद्धत आहे, हॉल्डेन आणि अँस्कोम यांची. ती अंदाजापुरतीच वापरा, अर्धा मिळवलेल्या तक्त्यावर चाचणी चालवू नका. लॉजिस्टिक रिग्रेशनमध्ये, म्हणजे होय-नाही उत्तराच्या प्रतिमानात, याच शून्याचं लक्षण वेगळं दिसतं: गुणांक १८-२० च्या घरात आणि त्याची प्रमाण त्रुटी हजारांत. असं दिसलं की प्रतिमान फुटलं आहे असं समजा आणि डेव्हिड फर्थ यांनी १९९३ मध्ये दिलेली सुधारित पद्धत वापरा. आरमध्ये तिच्यासाठी पॅकेज आहे.

गट एकच असेल आणि घटना एकदाही घडली नसेल, तर "धोका शून्य" असं लिहू नका. तीन भागिले एकूण नोंदी ही ९५% ची ढोबळ वरची मर्यादा असते. २० जणांत कुणालाच त्रास झाला नाही, तरी खरा धोका १५% पर्यंत असू शकतो.

आरमधल्या फिशरच्या उत्तराबद्दल एक बारीक गोष्ट. ती सोबत जो ऑड्स रेशो छापते तो तिरक्या गुणाकारानं काढलेला साधा ऑड्स रेशो नसतो. आपल्या तक्त्यात साधा ५६ भागिले ६, म्हणजे ९.३३ येतो, आणि फिशरचा त्याहून थोडा कमी. दोन्ही आपापल्या जागी बरोबर आहेत, कोणता लिहिला ते सांगा.

अहवालात काय लिहायचं

पी-व्हॅल्यू एकटी सोडू नका. पहिल्या तक्त्यात फरक ५० टक्के-बिंदूंचा आहे. न्यूकम पद्धतीनं त्याचा ९५% विश्वास अंतराल, म्हणजे खरा फरक ज्यात असू शकेल तो पट्टा, ७ ते ७४ येतो. वीस माणसांनी किती थोडं सांगितलं आहे ते हा अंतराल दाखवतो. परिणाम नगण्य असू शकतो, प्रचंडही असू शकतो. पी ०.०२८ असो की ०.०७०, ही अनिश्चितता तेवढीच राहते, आणि वाचकाला ती दिसायला हवी.

म्हणून मी साधारण असं लिहिते: "पहिल्या गटात १० पैकी ७ आणि दुसऱ्या गटात १० पैकी २ जणांना फरक पडला. फरक ५० टक्के-बिंदू, ९५% विश्वास अंतराल ७ ते ७४, न्यूकम पद्धत. नोंदी स्वतंत्र. सर्वात कमी अपेक्षित आकडा ४.५. आधी ठरवल्याप्रमाणे एन वजा एक काय-स्क्वेअर ४.८०, दुहेरी पी ०.०२८." मूळ चार आकडे त्यात असतातच, त्यामुळे ज्यांना दुसरी चाचणी पसंत आहे ते स्वतः लावून पाहू शकतात. "आधी ठरवल्याप्रमाणे" हे शब्द मात्र ते खरे असतील तरच लिहा. चाचणी नंतर बदलली असेल तर तसं सांगा, का बदलली तेही सांगा आणि दोन्ही उत्तरं द्या.